सुरेखाच्या आवाजातले आकडे

मला सलग बसून लिहिता येत नाही. थोडं लिहिलं की उठतो, दारापर्यंत जातो, पाणी पितो, परत येतो. परत आल्यावर आधी काय लिहिलं ते वाचावं लागतं. त्यामुळे हे तुकड्यातुकड्यानं होणार. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

माझ्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. आमच्याकडं कुणाला हे नाव उच्चारता येत नाही, म्हणून सगळे यमयस म्हणतात. पाय कसा आहे, डोळा कसा आहे, हे लोक विचारतात. डोक्याचं कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. हैदराबादच्या दवाखान्यात, ज्या खोलीत डोक्याचा सराव घेतात तिच्याबाहेरच्या बाकावर मी अशी बरीच माणसं बघितली. पायाला पट्टा बांधलेला दाखवतात, पण इथं कशाला आलात विचारलं की इकडंतिकडं बघतात. त्यांच्यासाठी लिहितोय.

खिडकी

मी हणमंत. गाव हळ्ळीखेड. आज्यापर्यंत आमच्यात मेंढरं होती. बापानं ती मोडून शेती धरली. थोरला भाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणतो, पुण्याला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. मी बसखात्यात शिरलो. आधी कंडक्टर, मग बीदरच्या स्टँडवर कंट्रोलर.

कंट्रोलरचं काम ज्यानं बघितलं नाही त्याला वाटतं हा माणूस खिडकीत बसून ओरडतो. खरं काम डोक्यात चालतं. एक ड्रायव्हर सही मागायला उभा असतो. फोनवर हुमनाबादहून सांगतात की गुलबर्ग्याची गाडी पंक्चर झाली. खिडकीत एक बाई उदगीरचं विचारते, तिच्या खांद्यावरून एक सरदारजी नांदेडचं विचारतो. आणि तुम्ही माइकवर हैदराबादची गाडी लागल्याचं सांगत असता. घरात मराठी, शाळा कन्नडमध्ये झालेली, स्टँडवर दखनी, संगारेड्डीकडचे लोक आले की कामापुरती तेलुगू. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम चालायचं आणि मला ते आवडायचं. मी स्वभावानंच एका जागी न बसणारा. सुट्टीच्या दिवशी मला घरात करमायचं नाही.

माझ्यासोबत बशीरभाई होते. माझ्यापेक्षा वयानं मोठे, शांत. पानाशिवाय बोलत नसत. मी दोघांचं काम करायचो आणि ते माझ्याकडं बघून हसायचे.

टिपके

एका उन्हाळ्यात डाव्या डोळ्यापुढं धूर आल्यासारखं झालं. बीदरमध्ये डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं दिली, डोळा निवळला, मी विसरून गेलो. पुढच्या वर्षी पायातली चप्पल निघून मागं पडायची आणि मला कळायचं नाही. मान खाली घातली की पाठीतून करंट उतरायचा. आईचं म्हणणं, वारं लागलंय. ती मैलारच्या खंडोबाला गेली, भंडारा आणला, माझ्या पायाला लावला. अंगावरून वारं गेलं असं गावात झालं. शेवटी बीदरच्या डॉक्टरांनी हैदराबादची चिठ्ठी दिली.

त्या दिवशी सोबत बायको सुरेखा होती आणि पुण्याहून अण्णा आला होता. मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. आत हातोडा मारल्यासारखे आवाज, आणि हलायचं नाही. ते न हलणंच मला सगळ्यात जड गेलं. मग मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढं धरली. डोक्यात पांढरे टिपके. सुरेखा नंतर म्हणाली, ज्वारी सांडल्यावानी दिसलं. डॉक्टरांनी हिंदीत समजावलं. वायरीवर रबर असतं ना, तसं नसांवर वेष्टन असतं, आणि शरीरातलेच शिपाई ते कुरतडतात. का, ते माहीत नाही.

अण्णानं विचारलं, बरा होईल का. डॉक्टर म्हणाले, सांभाळावं लागेल. सुरेखानं विचारलं, लेकीला होईल का. ते म्हणाले, भीती फार नाही. मी विचारलं, ड्युटीवर कधी जाता येईल.

तिघांनी तीन प्रश्न विचारले. त्यात डोक्याचा प्रश्न कुणाचाच नव्हता. टिपके डोक्यात दिसत होते, तरी आम्ही बाहेर येऊन पायाबद्दलच बोललो.

कापडाच्या घड्या

सलाइनमधून स्टिरॉइड सुरू झालं. तोंडात लोखंडाची चव, आणि अंगात कुणीतरी इंजिन चालू करून ठेवल्यासारखं. मला पलंगावर राहवेना. सलाइनचा स्टँड ढकलत मी वॉर्डभर फिरायचो. सिस्टर ओरडायची, मी बसायचो, ती वळली की उठायचो. शेजारच्या म्हाताऱ्यानं तक्रार केली की या माणसाला दुसरीकडं न्या, याच्याकडं बघून मला चक्कर येते.

तिथं यादम्मा नावाची आया होती. ती मला काही बोलली नाही. एका दुपारी तिनं गॉजच्या कापडाचा मोठा गठ्ठा माझ्या मांडीवर आणून टाकला आणि घडी कशी घालायची ते दाखवलं. मी घड्या घालत बसलो. संध्याकाळी ती गठ्ठा घेऊन गेली, सकाळी दुसरा दिला. त्या घड्या पुढं वापरल्या की पुन्हा मोडून माझ्याकडंच आल्या, ते मी विचारलं नाही. त्या दवाखान्यात माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार तिचे.

औराद की उदगीर

पाय बराचसा सुधारला. मी खिडकीत परत बसलो आणि लोक पेढे मागू लागले.

काहीतरी बिनसलंय हे मला आधी कळलं नाही. दुपारपर्यंत बरं असायचं. मग दोन माणसं एकदम बोलली की दोघांचेही शब्द कानात यायचे आणि आत पोचायचे नाहीत. फोन ठेवला की फोनवर काय सांगितलं ते जायचं. रोजचा शब्द जिभेवर येऊन थांबायचा. पहिल्यांदा वाटलं, झोप कमी होतेय. मग वाटलं, उन्हाळा आहे. बीदरचा उन्हाळा कुणाचं डोकं ठिकाणावर ठेवतो.

त्या दिवशी उदगीरची गाडी लागली होती. मी माइकवर औराद म्हणालो. औरादची माणसं गाठोडी घेऊन धावली, चढली. उदगीरची माणसं उतरून पलीकडं पळाली. कंडक्टर खालून हात हलवायला लागला. मी पुन्हा सांगायला गेलो तर तोंडातून पुन्हा औरादच आलं. मनात उदगीर होतं. मी ते बघत होतो, आणि औराद म्हणत होतो.

एक माणूस खिडकीशी येऊन म्हणाला, "पिऊन आलंय का हे?"

मागचे हसले. बशीरभाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, माइक हळूच काढून घेतला आणि उदगीरची गाडी उदगीरला लावली. मग मला म्हणाले, "मियाँ, तुम जरा अंदर बैठो. चाय पीते." त्या दिवसानंतर माइक माझ्याकडं आला नाही. मला मागच्या खोलीत बसवलं. तिथं काम नव्हतं. भिंतीपलीकडून बशीरभाईंचा आवाज यायचा, आणि माझा पाय टेबलाखाली हलत राहायचा.

खात्यातून कळलं की काही महिन्यांनी गुलबर्ग्याला डॉक्टरांच्या मंडळापुढं जायचं. काम करण्याजोगा आहे की नाही, ते ठरवणार. नाही म्हणाले तर घरी.

घरात

आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात मी येरझाऱ्या घालायचो. लेक रेणुका तेव्हा पाचवीत होती. ती अभ्यास करताना मोठ्यानं वाचायची, सुरेखा काही विचारायची, बाहेर भांडी घासल्याचा आवाज यायचा. हे तिन्ही एकदम आलं की मी ओरडायचो. रेणुका मनात वाचायला शिकली. ते मला बघवायचं नाही, आणि ती मोठ्यानं वाचली की सोसवायचं नाही.

मी बोलताना अडलो की सुरेखा शब्द पुरवायची. बरोबर शब्द पुरवायची, म्हणून जास्त राग यायचा.

अण्णानं पुण्याहून फोन केला. नोकरी सोड, गावाकडं राहा, मी बघतो असं म्हणाला. मग आवाज खाली करून म्हणाला, "पायाचं सांग लोकाला. डोस्क्याचं कुटं बोलू नको. येडा मनतेत मग."

त्याचं चुकीचं होतं असं नाही. लोक तसंच म्हणतात. मी काही महिने त्याचं ऐकलं.

वसुंधरा मॅडम

हैदराबादच्या डॉक्टरांना मीच एकदा सांगून टाकलं, कारण आत मावत नव्हतं. ते म्हणाले, या आजारात असं होतं, पुष्कळांना होतं. आणि त्यांनी मला वसुंधरा मॅडमकडं पाठवलं. मॅडम मानसशास्त्रवाल्या. पाटी वाचून माझे पाय दारातच थांबले. सुरेखा म्हणाली, एवढं आलाव तर बगून तरी जाऊ.

मॅडम तेलुगू घरातल्या, हिंदी आमच्यापेक्षा साफ. त्यांनी मला वेड्यासारखं वागवलं नाही आणि आजाऱ्यासारखंही नाही. सरळ काम दिलं. शब्द ऐकवायचे, थोड्या वेळानं आठवायला सांगायचे. कागदावरची एकच खूण शोधून खोडायला लावायची. आणि आकड्यांचं एक.

हे आकड्यांचं सांगतो, कारण त्यानं मला रडवलं. टेपमधून एक आकडा येतो, मग दुसरा. त्यांची बेरीज सांगायची. तिसरा आला की तो दुसऱ्यात मिळवायचा, आपण सांगितलेल्या उत्तरात नाही. म्हणजे तीन आणि पाच आले, आठ म्हणालात. मग दोन आला. आता पाच आणि दोन सात. पण डोकं त्या आठाला धरून बसतं आणि दहा म्हणतं. तोवर पुढचा आकडा आलेला असतो. टेप थांबत नाही. मी तिथं उठून उभा राहिलो. मॅडम बसा म्हणाल्या नाहीत. उभं राहून करा म्हणाल्या.

नंतर त्यांनी विचारलं, मनात हिशेब कुठल्या भाषेत करता. मी म्हणालो, मराठीत. टेप हिंदीत होती. मी आधी आकडा मराठीत आणत होतो, मग मिळवत होतो, मग उत्तर हिंदीत नेत होतो. मॅडमना मराठी येत नव्हती. त्या सुरेखाकडं वळल्या आणि विचारलं, तुम्ही घरी आकडे बोलून टेप कराल का.

सुरेखा सातवी शिकलेली, उदगीरकडची. ती लाजली. मग हो म्हणाली.

मॅडमनी तिला आणखी एक सांगितलं. ह्यांचा शब्द अडला की तुम्ही पुरवू नका, थांबा. यावर सुरेखा जे बोलली ते मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "थांबले असते ओ मॅडम. पर त्या वक्ताला ह्येंच्या तोंडाकडं बगवत न्हाई."

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं.

शेवटी मीच विचारलं, याच्यानं पहिल्यासारखं होईल का. त्या म्हणाल्या, गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही. काही गोष्टी सुधारतील, काहींना वळसा घालायला शिकाल. काहींच्या बाबतीत आम्हालाही नीट ठाऊक नाही. मला तेव्हा हे उत्तर आवडलं नाही. आता वाटतं, त्यांनी मला खोटं सांगितलं नाही, हे फार झालं.

टेप

सुरेखानं स्वयंपाकघरात बसून आकडे टेप केले. सुरुवातीला शाळेत पाढे म्हटल्यासारखा सूर, मग हळूहळू सपाट आवाज. मागं कुकरची शिट्टी, शेजारची शेळी, आणि मध्येच वरून एअरफोर्सचं विमान गेलेलं. त्या घरघरीत एक आकडा बुडालाय. तो सात होता की आठ, ते तिलाही आठवत नव्हतं.

रोज सकाळी, डोकं ताजं असताना, मी टेप लावायचो. टेपमधली सुरेखा थांबायची नाही. खरी सुरेखा आत भाकरी थापायची. माझं उत्तर चुकलं की थापण्याचा आवाज थांबायचा. मला ते ऐकू यायचं. एकदा मी ओरडलो, तिकडं भाकरी कर, इकडं कान देऊ नको. ती म्हणाली, "कान कुटं ठिवू मग?" आणि पुन्हा थापायला लागली.

खुणा खोडायचं काम रेणुकासोबत करायचो. जुना पेपर घ्यायचा, एका बातमीतले सगळे क खोडायचे. ती माझ्यापेक्षा जलद होती, पण घाईत सोडायची. मी हळू होतो आणि तरीही सोडायचो. कुणाचे किती सुटले यावर भांडण व्हायचं. ती मोठ्यानं भांडायची, आणि तिला त्याची भीती वाटत नव्हती हे माझ्या लक्षात आलं.

गोष्ट ऐकून परत सांगायची, असाही एक सराव होता. गोष्टी आई सांगायची. हळ्ळीखेडहून ती राहायला आली होती. मेंढरं घेऊन घरचे सगळे आज्याबरोबर संगारेड्डीकडं जायचे, तिथला पाऊस, लांडगा, वाटेत बाळंत झालेली चुलती. मी परत सांगायचो आणि ती म्हणायची, चुकलास. एकदा सुरेखानं तिची गोष्ट टेप केली, पुढच्या वेळी ताडून बघितली, तेव्हा कळलं की आई दर वेळी गोष्ट बदलते. कधी लांडगा पळतो, कधी कुत्रा मरतो. तिला टेप ऐकवली तर म्हणाली, "गोष्ट हाय बाबा, जशी आठवली तशी सांगायली." त्या दिवशी आम्ही सगळे खूप हसलो. मॅडमना सांगितलं तर त्याही हसल्या आणि म्हणाल्या, आईंनाही आणा एकदा.

हळूहळू आकडे जमू लागले. मी हुरळलो. मला वाटलं, झालं. मॅडम सारखं सांगायच्या की टेपवर जमलं म्हणजे बाजारात जमलं असं नाही. मी ते कानाआड केलं.

हैदराबादचा स्टँड

एका खेपेला रेणुकाला ताप होता, म्हणून मी एकटाच हैदराबादला गेलो. सुरेखा नको म्हणत होती. मी म्हणालो, बसनं जायचंय, विमानानं न्हाई. बसचं मला कुणी शिकवावं?

जाणं नीट झालं. परत येताना दुपार झाली होती, सराव करून डोकं शिणलेलं, ऊन कडक. हैदराबादच्या मोठ्या स्टँडवर आलो. बीदरची गाडी कुठं लागते हे मला झोपेत माहीत. तिथं ती नव्हती. जागा बदलल्या होत्या. वर कर्ण्यातून तेलुगू, मग हिंदी, मग इंग्रजी, एकात एक मिसळून. हमाल हाका मारतायत, पोरं रडतायत. बीदर हा शब्द मला ऐकू आला. पुढं प्लॅटफॉर्मचा आकडाही ऐकू आला. पण हातात धरायच्या आधीच तो गेला. मी पुन्हा पुकारायची वाट बघितली. पुन्हा तसंच.

मी चालत राहिलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाट्या वाचायच्या म्हटलं तर डोळा एकीकडं आणि कान दुसरीकडं. पाय ओढायला लागला. एका गाडीत चढलो आणि कंडक्टरनं उतरवलं. मग एका खांबाला टेकून खाली बसलो. माझ्यासमोरून गाड्या जात होत्या. त्यातली एखादी बीदरचीही असेल.

किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मला घरी फोन करायचा होता आणि मी केला नाही, कारण सुरेखा विचारेल कुठं आहात, आणि मला तेही सांगता येणार नव्हतं.

मग उठलो आणि चौकशीच्या खिडकीपुढं रांगेत उभा राहिलो. आत माझ्यासारखाच एक माणूस, फोन कानाला, नजर कागदावर. मी बीदर म्हणालो. त्यानं न बघता आकडा सांगितला. मी बाजूला झालो आणि आकडा गेला. परत रांगेत. पुन्हा तेच. त्यानंतर खिडकीत पोचलो तेव्हा मी बाजूला झालो नाही. दोन्ही हात खिडकीवर ठेवले.

"साहब, दिमाग की बीमारी है मेरे को," मी म्हणालो. "एकच बात. धीरे बोलो."

दिमाग हा शब्द मी पहिल्यांदा परक्या माणसापुढं उच्चारला. त्यानं वर बघितलं. मागचे लोक कुरकुरत होते. त्यानं फोन बाजूला ठेवला, आकडा सावकाश सांगितला, आणि बोटानं दिशा दाखवली. मी त्याच्यासमोरच तो मोठ्यानं म्हटला. त्यानं मान हलवली. मग मी तो मोठ्यानं म्हणतच निघालो. लोक बघत होते. कुणी बघितलं तरी मी थांबलो नाही, थांबलो असतो तर तो पुन्हा गेला असता.

गाडी मिळाली. संगारेड्डी मागं पडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी अजून तो आकडा पुटपुटतोय.

मन्नत

सुरेखाला सगळं सांगितलं. अडत अडत सांगितलं. ती मध्ये बोलली नाही, पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, घरातल्या शांततेत शिकून काय उपयोग, आवाजातच शिकायला पायजे. दुसऱ्या दिवशी ती टेपरेकॉर्डर पिशवीत घालून बीदरच्या स्टँडवर गेली. एका बाकावर बसली, तोंडापुढं रेकॉर्डर धरला, आणि आकडे म्हणायला लागली. पाच. दोन. नऊ. चार. गाड्यांचे भोंगे, शेंगा विकणारी बाई, माइकवर बशीरभाई.

लोक जमले. कुणी म्हणालं, बिचारी. कुणी विचारलं, कामून बोलायलीस बाई असं. ती थांबली असती तर टेप बिघडली असती, म्हणून तिनं उत्तर दिलं नाही. बशीरभाई खिडकी सोडून आले, तिच्यामागं उभे राहिले आणि लोकांना म्हणाले, "हटो, हटो. मन्नत है उनकी."

ते सगळं टेपवर आहे. बशीरभाईंचं मन्नत है, आणि त्यानंतर सुरेखाच्या आवाजात थोडं हसू दाबलेलं, आणि लगेच सहा.

त्या टेपवर मी पार आपटलो. घरातल्या टेपवर कमावलेलं सगळं गेलं. पण ती मी सोडली नाही. आवाजातून एकच आवाज धरायचा, बाकीचे जाऊ द्यायचे, हे मला त्या टेपनं शिकवलं. आणि जमत नसलं की टेप बंद करून पडून राहायचं, हेही. मला पडून राहायला शिकणं बेरजेपेक्षा अवघड गेलं.

गुलबर्गा

मंडळापुढं जायचं त्या दिवशी बशीरभाईंनी रजा काढली आणि माझ्यासोबत आले. अण्णाचा सकाळी फोन आला, पायाचंच सांग. मी हूं म्हणालो.

आत टेबलापलीकडं डॉक्टर आणि एक अधिकारी. अधिकाऱ्यांनी कन्नडमध्ये भराभर विचारायला सुरुवात केली. आजार कधीपासून, औषध काय, कुठं होतात, आता काय करता. मला पहिला प्रश्न कळला आणि बाकीचे त्यावर येऊन पडले.

मी म्हणालो, "निधान हेळ्री, सर." हळू सांगा. आणि म्हणालो, एक एक विचारा, मी प्रत्येकाचं उत्तर देईन. या आजारानं माझं डोकं हळू चालतं. चालतं, पण हळू.

डॉक्टरांनी अधिकाऱ्यांकडं बघितलं. मग ते एक एक विचारू लागले आणि मी उत्तरं दिली. एका ठिकाणी शब्द अडला. मी थांबलो, ते थांबले, शब्द आला.

मला माइकवर बसवता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं. ते बरोबरच होतं, तरी बाहेर आल्यावर मी पाय ओढत बशीरभाईंच्या पुढं निघून गेलो. मला शाळा-कॉलेजच्या पोरांच्या पासांच्या खिडकीत दिलं. तिथं रांग असते. एक जण येतो, त्याचं संपतं, मग दुसरा. अजूनही दुपारनंतर मी कामाचा राहत नाही, तेवढं खात्यानं सांभाळून घेतलं. मधे एकदा पाय पुन्हा गेला, दवाखान्यात पडलो, परत उभा राहिलो. पुढं काय होईल ते कुणी सांगत नाही. माइकवर आता एक नवा पोरगा आहे. त्याचं कन्नड चांगलं आहे, मराठी तितकीशी नाही. मला ते ऐकताना बसवत नाही.

मागच्या आठवड्यात

मॅडमनी औरादची एक बाई माझ्याकडं पाठवली. महिला कॉलेजात शिकवायची, वयानं तिशीतली. तिलाही यमयस, तिलाही डोक्याचं. नवरा सोबत होता, चांगला माणूस. मी तिला विचारायचो आणि तो उत्तर द्यायचा. झोप लागते का? लागते, तो म्हणाला. शिकवताना काय होतं? विसरती, तो म्हणाला. ती चहाच्या कपाकडं बघत होती.

मी तिला विचारलं, सगळ्यात जास्त काय होतं?

तिनं तोंड उघडलं. शब्द आला नाही. तिचे ओठ हलले, डोळे छताकडं गेले. नवऱ्यानं घाईघाईनं म्हटलं, थकवा येतो तिला. मी हात वर केला. तो गप्प झाला. सुरेखा दारात उभी होती, तीही हलली नाही. माझा स्वतःचा पाय हलायला लागला होता, तो मी दाबून धरला. इतका वेळ कुणाकडं असं बघत राहणं किती कठीण असतं, ते मला त्या दिवशी समजलं.

"राग," ती म्हणाली. "मला राग यायलाय."

नवरा तिच्याकडं वळला. त्याला हे माहीत नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, "कुनावर?"

ती पुन्हा शब्द शोधायला लागली. या खेपेला तोही थांबला.